मंडळाच्या पैशातून छाती दाबणारं यंत्र घ्यावं का? (सोलापूर)

नवीपेठकर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळानं यंदा गणपतीत डीजेला फाटा दिला. ते वाचलेले पैसे, दोन टॉवेल कारखानदारांनी घातलेली भर आणि परदेशात असलेल्या एका जुन्या कार्यकर्त्याची देणगी असं मिळून बरी रक्कम जमली आहे. शववाहिका नको, शवपेटी नको, जिवंत माणसाच्या कामाला येईल असं काहीतरी घ्यायचं, एवढं बैठकीत एकमतानं ठरलं. काय घ्यायचं यावर मात्र अजून वाद चालू आहे.

आमच्या एका सभासदाच्या मेहुण्यांना हैदराबादला दवाखान्यात असताना ॲटॅक आला आणि हृदय बंद पडलं. तिथं छातीवर एक कमान बसवली आणि तिच्यातला दांडा आपोआप छाती दाबत राहिला. मेहुणे वाचले, आज घरी आहेत. तेव्हापासून हा सभासद एकच धोशा लावून बसलाय, घ्यायचं तर हेच. यंत्राचं नाव लुकास असं काहीतरी सांगतो.

इथे डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन बरेच आहेत म्हणून विचारतो. या यंत्राचा खरंच उपयोग होतो का? आणि घेतलं तर द्यायचं कुठं, दवाखान्याला की ॲम्ब्युलन्सला? पैसा लोकांचा आहे. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला त्याच दारात उभं राहायचंय, म्हणून नीट विचारून करतोय.

शेंगाचटणी
मशीनच छाती दाबायलंय म्हटल्यावर डॉक्टर काय करायचं बे, चहा प्यायचा का?

भूलवाला
डॉक्टरांचे हात बाकीच्या कामाला मोकळे राहावेत, एवढ्यासाठीच ते यंत्र आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूत बराच काळ गेलाय. जरा लांबण लावतो.

हृदय बंद पडल्यावर आपण छाती दाबतो तेव्हा हृदय "चालू" होत नसतं. छातीचं हाड आणि पाठीचा कणा यांच्या मध्ये हृदय पिळून थोडं रक्त पुढे ढकलायचं, एवढाच खेळ असतो. अगदी उत्तम दाबलं तरी नेहमीच्या प्रवाहाच्या पाव ते तिसरा हिस्सा मिळतो. तेवढ्यावर मेंदू आणि हृदयाचा स्नायू तग धरतात, तोवर शॉक द्यायचा, औषध द्यायचं, कारण शोधायचं. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंमी आत जायला हवी, ६ च्या वर नको. वेग मिनिटाला १०० ते १२०. आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय भरतं ते त्याच वेळी. दमलेला माणूस नेमकं हेच विसरतो आणि छातीवर रेलून राहतो.

सलग दाब देत गेलं की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधला दाब हळूहळू चढतो. आपण थांबलो की तो झपाट्यानं कोसळतो आणि परत चढवायला पुन्हा बरेच दाब खर्ची पडतात. म्हणून "जरा थांबा, नाडी बघू" हे दहा सेकंदांच्या आत उरकायचं असतं.

आता माणूस किती वेळ नीट दाबू शकतो? धडधाकट तरुणसुद्धा एक-दोन मिनिटांत ढिला पडतो, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. यंत्र बदलावं लागत नाही.

हे सगळं १९६० पासूनचं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला कावेनहोवन नावाचे विद्युत अभियंते आणि त्यांचे सहकारी ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं हे मांडलं. त्याआधी छाती फाडून हृदय हातात धरून दाबायचे. त्यांच्या निबंधातलं वाक्य प्रसिद्ध आहे, की लागतात ते फक्त दोन हात. पण हात दमतात हेही लगेच लक्षात आलं, आणि त्याच दशकात थंपर नावाचं दाबयुक्त वायूवर चालणारं यंत्र निघालं. म्हणजे ही कल्पना काही आजची नाही.

सध्या मुख्यतः दोन जाती. एक दांड्याची, ती लुकास. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या नावावरून हे नाव आलं. पाठीखाली फळी, वर कमान, कमानीत वरखाली होणारा दांडा आणि त्याच्या टोकाला रबरी सक्शन कप. मिनिटाला १०२ दाब, साधारण ५.३ सेंमी खोल. दुसरी जात पट्ट्याची, ऑटोपल्स. त्यात छातीभोवती रुंद पट्टा आवळला जातो, मिनिटाला ८० वेळा, छातीची जाडी एक पंचमांशानं कमी होईल इतका.

नवीपेठकर
डॉक्टर, फार छान समजावलंत. म्हणजे यंत्र हातापेक्षा भारी, असंच ना? तसं असेल तर आमच्या बैठकीतला वादच मिटला.

पुण्यात_सोलापूरकर
थांबा. वाद इतक्यात मिटवू नका. मी क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीत काम करतो, या विषयावरचे मोठे अभ्यास वाचलेत.

तर्क पक्का आहे. यंत्र दमत नाही, खोली चुकवत नाही, म्हणजे जास्त माणसं वाचायला हवीत. प्रत्यक्षात तसं दिसलं नाही.

ऑटोपल्सचा एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला, अमेरिका-कॅनडातला. तो मध्येच थांबवावा लागला. यंत्राच्या गटात ५.८ टक्के रुग्ण जिवंत घरी गेले, हातानं दाबलेल्यांत ९.९ टक्के. त्याच यंत्राचा पुढचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात काम जास्त शिस्तीनं केलं होतं आणि यंत्र व हात बरोबरीचे ठरले. लुकासचा स्वीडन, ब्रिटन, नेदरलँड्समधला अभ्यासही २०१४ चाच, २,५८९ रुग्ण. चार तासांनंतर जिवंत किती? यंत्र २३.६ टक्के, हात २३.७. मग २०१५ मध्ये ब्रिटनमधला, ४,४७१ रुग्णांचा. तीस दिवसांनंतर यंत्राच्या गटात ६ टक्के, हाताच्या गटात ७.

म्हणजे "मेहुणे यंत्रानं वाचले" असं म्हणता येत नाही. यंत्र लावलेलं असताना वाचले, इतकंच. दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हृदय बंद पडलं, लगेच दाब सुरू झाले, लगेच शॉक मिळाला. त्यांना चार चांगले हात मिळाले असते तरी ते बहुधा आज घरीच असते.

शेंगाचटणी
मेहुण्यांना सांगू नका ओ हे, ते त्या मशीनचा फोटो देव्हाऱ्यात लावून बसले असतील.

यंत्रमागी
पण असं का होतं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा आयुष्यभर मागांशी संबंध. धोटा दिवसभर तेच अंतर, त्याच वेगानं मारतो आणि कापड एकसारखं निघतं. हातमागापेक्षा यंत्रमाग सरस असतो तो यासाठीच. मग इथं यंत्राला मार्क कमी का?

भूलवाला
कारण मागावर ताणा आधी चढवलेला असतो. इथं तो चढवता चढवताच माणूस जातो.

यंत्र लावायचं म्हणजे रुग्णाला उचलून किंवा कुशीवर करून पाठीखाली फळी सरकवायची, कमान अडकवायची, कप नेमका हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर आणायचा आणि चालू करायचं. सराव असलेली टीम हे दोन तुकड्यांत करते. फळी घातली की परत हातानं दाब सुरू, मग कमान, आणि प्रत्येक खंड दहा सेकंदांच्या आत. सराव नसलेली टीम यंत्राभोवती गोळा होते, पुस्तिका आठवत बसते आणि तीस-चाळीस सेकंद छातीला कोणीच हात लावत नाही. मघाशी म्हटलं तो चढवलेला दाब तेवढ्यात शून्यावर येतो. शिवाय यंत्राच्या नादात पहिला शॉक लांबतो, आणि ज्यांची लय शॉकनं सुधारण्यासारखी असते त्यांचंच जास्त नुकसान होतं.

आणखी एक. हे अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. "हातानं" याचा तिथला अर्थ नीट शिकलेले, दर दोन मिनिटांनी बदलणारे हात. त्यांच्याशी बरोबरी करणं म्हणजे यंत्र वाईट आहे असं नव्हे. म्हणून तिकडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की सरसकट वापरू नका, पण जिथं चांगले हात मिळणं अशक्य आहे किंवा हात लावणाऱ्याला धोका आहे तिथं यंत्र जरूर विचारात घ्या. चालती ॲम्ब्युलन्स, कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली), थंडीनं गारठलेला रुग्ण, फार लांबलेला प्रयत्न. तेव्हा नवीपेठकर, यंत्र चांगलं की वाईट हे सोडा. सोलापुरात हात कुठं अपुरे पडतात ते शोधा.

सिस्टरताई
कुठं अपुरे पडतात ते मी सांगते. रात्री अडीचला, वीस-पंचवीस खाटांच्या दवाखान्यात. एक आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर, दोन सिस्टर, एक मावशी, एक वॉर्डबॉय. त्यातला एक अंबू बॅग (श्वास द्यायची पिशवी) धरणार, एक लाइन बघणार, एक औषधं भरणार, आणि सरांना फोन कोण लावणार? दाबायला उरतो वॉर्डबॉय. तो दाबतो बिचारा जीव खाऊन, पण त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आणि खाटेची उंची! पुस्तकात दाबणाऱ्याची मनगटं, कोपर, खांदे सगळं सरळ रेषेत असतं. आमच्या खाटा कमरेच्या वर. बुटकी सिस्टर असेल तर स्टूल लागतं, आणि स्टूल नेमकं सलाईन स्टँडमागे अडकलेलं. मऊ गादीवर दाबलं तर अर्धा दाब गादीच खाते, म्हणून पाठीखाली फळी घालायची असते. ती फळी किती वॉर्डात जागेवर सापडते, विचारा.

मी यंत्र वापरलंय, आधी पुण्यात असताना. हात मोकळे होतात हे शंभर टक्के खरं. खोलीतला आरडाओरडा कमी होतो, माणसं शांतपणे विचार करतात. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. नातेवाईक दारातून बघत असतात. हातानं दाबताना त्यांना दिसतं की माणसं घामाघूम झालीत, एकामागून एक बदलतायत. डॉक्टर थांबले की त्यांना कळतं, सगळं करून झालं. यंत्र मात्र थकत नाही. ते ठक-ठक चालूच. छाती हलते, हात हलतात. "अहो हलतायत की ते, बंद का करताय?" असं मुलगा विचारतो तेव्हा काय सांगायचं? बटण दाबून बंद करणाऱ्या डॉक्टरकडे लोक कसं बघतात ते मी पाहिलंय.

आणि कधी कधी खरंच हलतात. यंत्रानं रक्त इतकं बरं फिरतं की हृदय बंद असतानाही रुग्ण डोळे उघडतो, हात वर नेतो, कमान ढकलायला बघतो. दाब थांबवला की परत निपचित. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

भूलवाला
सिस्टरताई, अगदी बरोबर. दाबांमुळे शुद्ध येणं हा प्रकार नोंदवला गेलेला आहे, आणि अशा रुग्णाला झोपेचं किंवा वेदनेचं औषध द्यावं लागतं. यंत्र घेणाऱ्या दवाखान्यानं दोन गोष्टी लिहून ठेवायला हव्यात. लावायचं कधी, आणि त्याहून महत्त्वाचं, काढायचं कधी व नातेवाइकांशी कुणी बोलायचं. दुसऱ्या गोष्टीचा कागद मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

कॅथलॅबवाला
आमच्याकडे हात अपुरे पडतात तो प्रसंग वेगळा. अँजिओग्राफी चालू असताना टेबलावर हृदय बंद पडतं. डॉक्टरला त्याच क्षणी बंद नळी उघडायची असते, कारण रोगाचं मूळ तिथं. पण छाती दाबणारा माणूस मध्ये उभा, त्याचे हात नेमके एक्स-रेच्या झोतात, टेबल लांब आणि तरंगतं, दाबलं की हलतं. चित्र घ्यायचं तर दाब थांबवायचे, दाब द्यायचे तर चित्र नाही. दांड्याचं यंत्र लावलं की मधला दांड्याचा भाग सोडून बाजूच्या कोनांतून चित्र मिळतं आणि दाब चालू राहतात. दाब चालू असताना अँजिओप्लास्टी होते, मी स्वतः मदतीला उभा होतो. पट्ट्याच्या यंत्रात चित्र जास्त अडतं. आपल्या शहरात कॅथलॅब आहेतच, तिथं एक यंत्र असणं मला अजिबात चैन वाटत नाही.

जुळे_सोलापूर
कॅथलॅबवाल्या दवाखान्यांकडे पैसे आहेत, त्यांनी स्वतः घ्यावं. मंडळाचे पैसे रस्त्यावर घालवा. म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये!

सोलापूर म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांचं "पुढं न्या" चं ठिकाण. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, पंढरपूर, तिकडं तुळजापूर, उमरगा, खाली विजापूरकडची गावं. सगळे रेफर होऊन इथं येतात. इथून परत काही पुण्याला, हैदराबादला. पुणे अडीचशे किलोमीटर. राज्याची १०८ सेवा २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, फार मोठं काम आहे ते. पण गाडीत मागे डॉक्टर एकटा. ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या गाडीत उभं राहून, एका हातानं वरचा दांडा धरून एका हातानं छाती दाबणं म्हणजे काय ते मी माझ्या काकांच्या वेळी मागच्या बाकावर बसून बघितलंय. ब्रेक लागला की डॉक्टर ड्रायव्हरच्या केबिनवर आदळतो.

पुण्यात_सोलापूरकर
जुळे, इथं मी तुमच्याशी सहमत आहे. चालत्या गाडीत हाताचे दाब उथळ आणि तुटक होतात, शिवाय पट्टा न लावता उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा जीव धोक्यात. एक छोटा अभ्यास २०२० मध्ये अमेरिकेत मिनेसोटात झाला. शॉकला न जुमानणाऱ्या रुग्णांना यंत्र लावून, दाब चालू ठेवत थेट एक्मोच्या (हृदय-फुफ्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्र) टेबलापर्यंत नेलं. एक्मोच्या गटात १४ पैकी ६ जिवंत घरी गेले, नेहमीच्या उपचारात १५ पैकी १. आकडे लहान आहेत आणि त्यामागे चोवीस तास तयार एक्मोची टीम होती हे विसरू नका. पण यंत्र "पूल" म्हणून वापरलं, पलीकडे काहीतरी होतं, तेव्हा हा निकाल आला.

आपल्याकडे पलीकडे काय आहे? मंगळवेढ्याहून यंत्र लावून तासभर ठोकत आणलं आणि इथं फक्त "मृत घोषित" करायचं असेल, तर तो तास कशासाठी?

जुळे_सोलापूर
> तो तास कशासाठी?

पुण्यात बसून हे विचारणं सोपं आहे साहेब. गावातला माणूस म्हणतो, निदान मोठ्या दवाखान्यापर्यंत तरी नेलं. तुमच्या टक्केवारीत हे कुठं बसतं?

पुण्यात_सोलापूरकर
बसत नाही, कबूल. पण मंडळाचा पैसा एकदाच खर्च होणार आहे, आणि मी तो समाधानापेक्षा जगण्यावर खर्च करा म्हणतोय. हृदय बंद पडलेल्याला हलवण्याआधी जागेवर चांगले दाब आणि शॉक, हा क्रम तुम्हीही मान्य कराल.

हिशेबनीस
भावनेच्या मध्ये हिशेब घालतो, रागावू नका. एका ट्रस्टचे हिशेब बघायचो, त्यांनी एका दवाखान्याला महागडं उपकरण दिलं होतं. उद्घाटनाला नारळ, पेढे, फोटो. पुढच्या वर्षी गेलो तर उपकरणावर पांढरा कपडा आणि कपड्यावर औषधांचे खोके. का? बॅटरी गेली होती, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कुणी भरायची ते ठरलं नव्हतं आणि शिकलेला टेक्निशियन नोकरी सोडून गेला होता. दवाखान्याचं नाव सांगणार नाही.

तेव्हा कोटेशन मागताना यंत्राची एकट्याची किंमत मागू नका. जादा बॅटरी, चार्जर, सक्शन कप (तो एका रुग्णाला एकच, धुऊन परत वापरायचा नाही), पाच वर्षांची एएमसी, प्रशिक्षण, आणि यंत्र दुरुस्तीला गेलं तर बदली यंत्र मिळणार का, हे सगळं लेखी घ्या. मालकी कुणाची तेही करारात लिहा. ॲम्ब्युलन्सचा ठेकेदार बदलला की यंत्र कुठं गेलं ते शोधत बसाल.

यंत्रमागी
हिशेबनीस मुद्द्याचं बोलले. मी कुतूहलापोटी यंत्राची माहिती वाचून काढली. पहिला लुकास हवेवर किंवा ऑक्सिजनच्या सिलिंडरवर चालायचा, सिलिंडर भराभर संपायचा. आता बॅटरीवर आहे, एका बॅटरीवर साधारण पाऊण तास, वजन ८ किलो. वाईट नाही. पण चालवायचं तापमान दिलंय शून्य ते ४० अंश! मे महिन्यात आपल्याकडे पारा कुठं जातो ते सांगायला नको, आणि उन्हात उभ्या ॲम्ब्युलन्सच्या आत तर भट्टीच. यंत्र गाडीत पडून राहणार असेल तर आधी गाडीचा एसी चालू आहे का ते बघा. पार्किंगला शेड आहे का तेही. स्वीडनमधल्या माणसानं हा विचार करायचं कारण नव्हतं, आपल्याला आहे.

मापंसुद्धा बघून घ्या. छातीची उंची १७ ते ३०.३ सेंमी या पट्ट्यातच ते बसतं. फार किरकोळ आणि फार धिप्पाड माणसाला नाही. आमच्या गल्लीतले दोन पैलवान तर नक्कीच बाद.

भूलवाला
लहान मुलांनाही नाही. बसत नसेल तर वेळ न घालवता हातानं सुरू ठेवायचं, हेही टीमला आधीपासून ठाऊक हवं. आणि यंत्र लावलं म्हणून लक्ष काढायचं नाही. कप हळूहळू पोटाकडे सरकतो, मग यकृताला इजा. मानेमागचा पट्टा लावायचा आणि कपाच्या कडेनं छातीवर पेनानं खूण करून ठेवायची, सरकला की लगेच दिसतो. बरगड्या मोडतात म्हणून घाबरू नका, त्या हातानंही मोडतात.

आता न विचारलेलं बोलतो. यंत्र येईपर्यंतच्या वेळात काय होतं? हृदय बंद पडतं ते घरात, मार्केट यार्डात, गड्डा यात्रेच्या गर्दीत, कारखान्यात. दाब मिळाले नाहीत तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी ॲम्ब्युलन्स विजापूर वेशीतून किती मिनिटांत बाहेर पडेल, तुम्हीच सांगा. तोपर्यंत शेजारचे हातच. आणि आपले लोक काय करतात? कांदा हुंगवतात, तोंडावर पाणी मारतात, उठवून बसवतात. मधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येतो त्याला "श्वास चालू आहे" समजतात. तो श्वास नसतो, ती हृदय बंद पडल्याची खूण असते.

भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या भारतीय पुनरुज्जीवन परिषदेनं सामान्य माणसासाठी सोपी पद्धत ठरवलीय. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायची गरज नाही, फक्त छाती दाबत राहायचं. लवकर ओळखा आणि मदत बोलवा, लवकर दाबा, लवकर दवाखान्यात पोचवा. तास-दीड तासात हाताला सवय होते, फक्त मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) घाम गाळायला हवा. मला विचाराल तर आधी आठ-दहा मॅनिकिन घ्या, दोन-तीन एईडी घ्या, म्हणजे तो स्वतः सूचना बोलणारा शॉकचा डबा. उरलेल्यात यंत्राचा विचार करा.

नवीपेठकर
डॉक्टर, तुमचं पटतंय. अडचण वेगळीच आहे, स्पष्ट सांगतो. देणगीदारांना पाटी हवी असते. यंत्रावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिता येतं. शिकलेल्या माणसावर पाटी कुठं लावणार?

शेंगाचटणी
मॅनिकिनच्या छातीवर लावा की ओ! दाबताना रोज नाव वाचतील. मेहुण्यांच्या नावाची नका लावू फक्त, ते जिवंत हायत.

सिस्टरताई
हसू नका, बरोबर बोलला तो. मॅनिकिनच्या पेटीवर पाटी लागते. एईडीच्या डब्यावर तर लागतेच, तोही लोकांना दिसेल अशाच जागी लावायचा असतो. फक्त कुलूप घालू नका. मी एका ठिकाणी एईडी कुलपात आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात पाहिलीय, मॅनेजर रजेवर.

कॅथलॅबवाला
मी मात्र यंत्राच्या बाजूनं आहे, नोंद असू द्या. शिकवलेले लोक सहा महिन्यांत विसरतात. यंत्र विसरत नाही.

भूलवाला
यंत्र लावणारे विसरतात ना पण. त्यांनाही दर काही महिन्यांनी सराव लागतोच. तुमच्या लॅबमध्ये तो होतो म्हणून तुम्हाला सोपं वाटतं.

नवीपेठकर
काल रात्री बैठक झाली. दोन तास भांडलो, शेवटी असं ठरलं: मॅनिकिन आणि एईडी या महिन्यात. यंत्राचे पैसे वेगळे ठेवायचे, मोडायचे नाहीत. तीन ठिकाणांना पत्र द्यायचं, त्यात तुम्ही सगळ्यांनी काढलेले प्रश्न: रात्रपाळीला शिकलेली माणसं किती, सराव कधी घेणार, एएमसी कोण भरणार, गाडीला एसी आणि शेड आहे का, यंत्र काढायचा निर्णय कोण घेणार. जो लेखी आणि नीट उत्तर देईल त्याला यंत्र. कुणीच दिलं नाही तर पैसे पडून राहतील, पण कपड्याखाली खोके ठेवायला यंत्र द्यायचं नाही. मेहुण्यांचा सभासद अजून नाराज आहे. त्याला पहिल्या शिबिराची जबाबदारी दिलीय.

अशोकचौक
धागा पहिल्यापासून वाचला, एकच विचारायचं होतं. शिबिर फक्त मराठीत ठेवणार का? आमच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका घरी तेलुगू बोलतात. दिवसभर घरात त्याच असतात, सासरा नाहीतर नवरा पडला तर पहिला हात त्यांचाच लागणार. हॉलमध्ये बोलावलं तर त्या येणार नाहीत, विड्या मोजून द्यायच्या असतात. कारखान्यात विड्या द्यायला रांगेत बसतात तिथंच मॅनिकिन आणा.

सिस्टरताई
मला तेलुगू येतं. बुधवार सोडून कोणताही दिवस चालेल, दुपारी दोननंतर. साडी नेसून गुडघ्यावर बसून दाबायला जमतं का हा पहिला प्रश्न असतो बायकांचा. जमतं, मी दाखवते. सतरंजी मात्र जाड आणा.

अशोकचौक
सतरंज्या आमच्याकडून. सोलापुरात त्यांना तोटा नाही.

नवीपेठकर
सिस्टरताई, अशोकचौक, दोघांनाही व्यक्तिगत संदेश टाकलाय. कन्नडमध्ये शिकवणारं कुणी असेल तर इथंच लिहा.